खोलीत नसलेल्या माणसासाठी: ज्येष्ठांच्या जीवनकथा रेकॉर्ड करताना

आपल्या परिसरातल्या एखाद्या आजीची किंवा आजोबांची जीवनकथा रेकॉर्ड करायला विद्यार्थी निघतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात दोन गोष्टी असतात: मोबाइल आणि चाळीस प्रश्नांची यादी. मोबाइल पुरेसा आहे. यादी मात्र घात करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर रंगात आलेलं असतं आणि विद्यार्थ्याचं लक्ष दुसऱ्या प्रश्नाकडे गेलेलं असतं. समोरच्याला ते लगेच कळतं. मग उत्तरं आखूड होत जातात आणि चाळीस प्रश्न पंचवीस मिनिटांत संपतात.

सुरुवात करण्याआधी एक माणूस डोळ्यांसमोर आणा. पन्नास वर्षांनी कुणीतरी ही फाइल उघडेल. त्याने ना तुम्हाला पाहिलेलं असेल, ना आजोबांना, ना ते घर. त्याच्याकडे फक्त आवाज असेल. माइक कुठे लावायचा, प्रश्न कसा विचारायचा, फाइलला नाव काय द्यायचं, अशी कुठलीही शंका आली की या माणसाला काय लागेल ते आठवा. उत्तर सापडतं.

एक ज्येष्ठ, दोन विद्यार्थी

पूर्ण वर्ग घेऊन जाऊ नका. दोघं पुरेत: एक बोलणारा, एक यंत्राकडे लक्ष देणारा. तिसरा असेलच तर त्याने वही घेऊन बसावं आणि नावं, गावं, न कळलेले शब्द टिपावेत. चौथा माणूस आला की मुलाखतीचं भाषण होतं.

ज्येष्ठ निवडताना फक्त प्रसिद्ध किंवा भरभर बोलणाऱ्यांकडे जाऊ नका. अशी माणसं तेच किस्से अनेकदा सांगून घासूनपुसून ठेवतात. त्यामागचं काढायला अनुभवी मुलाखतकार लागतो. “माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?” असं म्हणणारी माणसं नवख्यांसाठी जास्त चांगली. ती नकार देत नसतात. नेमकं काय हवंय, हे त्यांना कळलेलं नसतं. “तुमचं काम तुम्ही कसं शिकलात, ते ऐकायचंय,” असं ठोस सांगितलं की त्यांचा चेहरा बदलतो.

आधीची भेट

रेकॉर्डिंगच्या चार-पाच दिवस आधी अर्धा तास नुसतं भेटून या. या भेटीत यंत्र काढायचं नाही. पाहायच्या गोष्टी अशा: त्यांना कुठल्या कानाने नीट ऐकू येतं, दिवसाच्या कुठल्या वेळी उत्साह असतो, औषधांच्या आणि विश्रांतीच्या वेळा कोणत्या, घरातली सगळ्यांत शांत खोली कोणती. जन्माचं अंदाजे वर्ष, कुठे कुठे राहिले, कामं कोणती केली, एवढा सांगाडा वहीत घ्या.

इथे एक खबरदारी हवी. त्या भेटीतच त्यांनी एखादी गोष्ट रंगवून सांगायला घेतली, तर हात जोडून थांबवा: “आजी, हे मला रेकॉर्ड करायचंय, त्या दिवसासाठी राखून ठेवा.” एकदा पूर्ण सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा येते तेव्हा “ते मी तुला सांगितलंच ना” एवढ्यावर संपते. पन्नास वर्षांनंतरच्या माणसाला तेवढंच वाक्य मिळतं.

परवानगी म्हणजे नुसती सही नव्हे

साध्या भाषेतला एक पानी कागद तयार करा, मोठ्या अक्षरांत. त्यात या गोष्टी वेगवेगळ्या विचारलेल्या हव्यात: रेकॉर्डिंग शाळेत किंवा महाविद्यालयात ठेवू का, वर्गात ऐकवू का, छापू का, इंटरनेटवर टाकू का. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणण्याची सोय असावी. नाव झाकायचं का, काही भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायचा का, हेही विचारा. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर टाळता येईल, मध्येच थांबता येईल आणि नंतर मन बदलता येईल, हे लिहिलेलं असावं आणि तोंडीही सांगावं.

“इंटरनेटवर टाकू” याचा अर्थ अनेकांना पोहोचत नाही. तो असा सांगा: “हे तुमच्या शेजाऱ्यांना, नातेवाइकांना आणि अगदी अनोळखी माणसालाही कधीही ऐकता येईल. एकदा बाहेर गेलं की पूर्ण परत घेता येत नाही.” एवढं ऐकूनही हो म्हणाले तर ती खरी परवानगी. सही करता येत नसेल किंवा वाचायला त्रास होत असेल, तर कागद मोठ्याने वाचा आणि होकार रेकॉर्ड करा. बोलणाऱ्याची स्मरणशक्ती फार क्षीण झाली असेल आणि आपण कशाला होकार देतोय हे त्यांना उमगत नसेल, तर घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी रेकॉर्डिंग करू नका. नुसती भेट घ्या. विद्यार्थी अल्पवयीन असतील तर त्यांच्या पालकांची परवानगीही आधी घ्यावी लागते.

आवाज

महागड्या यंत्राने फारसा फरक पडत नाही. माइकच्या जागेने पडतो. माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर तेवढीच राहते. म्हणून टेबलावर दूर ठेवलेल्या मोबाइलमधला आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. कपड्याला लावायचा वायरचा छोटा माइक मिळाला तर तो हनुवटीखाली सुमारे एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर लावा. गळ्यातली माळ, शालीचं टोक, दाढी यांपैकी काही त्याला घासत नाही ना, ते पाहा. घासण्याचा आवाज नंतर काढता येत नाही. माइक नसेल तर मोबाइल बोलणाऱ्याजवळ, हाताच्या अंतरावर ठेवा आणि त्याखाली घडी केलेला टॉवेल घाला. नाहीतर टेबलावर बोटं वाजवली तरी ढोल वाजल्यासारखं ऐकू येतं.

खोली निवडताना टाळी वाजवून पाहा. टाळीमागे टणत्कार आला तर भिंती फार उघड्या आहेत. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली घ्या. फ्रिज शेजारी असेल तर घरच्यांना विचारून तेवढा वेळ बंद ठेवा. फ्रिजचं बटण बंद केल्यावर तुमच्या बुटाजवळ किंवा दाराशी, जाताना अडखळेल अशा ठिकाणी, एक चिठ्ठी ठेवा म्हणजे तो पुन्हा सुरू करायचं विसरणार नाही. पंखा बंद केल्यावर उकडत असेल, तर मात्र माणूस आधी. पंखा मंद करून माइक आणखी जवळ घ्या.

मोबाइलवर आधी हे करून घ्या: एअरप्लेन मोड, पूर्ण चार्ज, किमान ४ जीबी मोकळी जागा. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाज नसताना आपोआप थांबण्याची सोय असेल तर ती बंद करा. ती चालू राहिली तर विराम गायब होतात आणि विरामानंतरच्या पहिल्या शब्दाचं डोकं उडतं. आजूबाजूचा गोंगाट आपोआप कमी करण्याची सोयही बंद ठेवा. म्हातारपणी आवाज खोल जातो आणि ते सॉफ्टवेअर त्या हळू शब्दांनाच गोंगाट समजतं.

फाइल वॅव प्रकारात घ्या, त्यात आवाज न दाबता जसाच्या तसा साठवला जातो. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. मोबाइलमध्ये १६ बिट असेल तरी चालेल. एका माइकचं २४ बिटमधलं एक तासाचं रेकॉर्डिंग सुमारे ५२० एमबी भरतं. तेवढ्याच वेळाची दाबून लहान केलेली १२८ केबीपीएसची एमपीथ्री फाइल ६० एमबीच्या आत बसते, पण ती पाठवण्यापुरती ठीक. मूळ प्रत वॅवच असू द्या. पातळी दाखवणारी पट्टी असेल तर सगळ्यांत मोठ्याने हसल्यावरही ती उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. पट्टीच्या टोकाला, म्हणजे शून्याला, आपटून फाटलेला आवाज कुणालाच शिवता येत नाही.

एक मिनिट रेकॉर्ड करा, हेडफोन लावून ऐका, मगच खरी सुरुवात करा. ही पायरी गाळल्यामुळे वाया गेलेली रेकॉर्डिंग्ज इतर सगळ्या कारणांपेक्षा जास्त असतात, असं आमचं ठाम मत आहे. सुरुवातीला तारीख, ठिकाण, हजर असलेल्या सगळ्यांची नावं आणि “बोलायला सुरुवात करू का?” या प्रश्नाला मिळालेला होकार आवाजात नोंदवा. फाइलचं नाव हरवलं तरी ही ओळख आत राहते.

विचारणं आणि गप्प बसणं

कागदावर प्रश्नांऐवजी दहा-बारा विषय लिहा: घर, भावंडं, शाळा, पहिलं काम, पहिली कमाई, लग्न, आजारपण, स्थलांतर, गावावर आलेली संकटं, बदललेल्या गोष्टी. एका पानावर मावायला हवेत. क्रम बदलला तरी बिघडत नाही. जाताना कुठला विषय राहिला ते कागदावर नजर टाकून कळतं, एवढंच त्याचं काम.

पहिला प्रश्न सोपा आणि ठोस असू द्या. “तुमच्या आयुष्याबद्दल सांगा” या प्रश्नाला कुठूनही सुरुवात करता येते, म्हणून कुठूनच होत नाही. त्याऐवजी घर दाखवायला सांगा:

“आजोबा, तुम्ही लहान होतात तेव्हाच्या घराच्या दारात आपण उभे आहोत. आत आलो की पहिलं काय दिसतं?”

“पहिलं? ओटा. एवढा उंच.”

“एवढा म्हणजे माझ्या गुडघ्याइतका?”

“छे, तुझ्या कमरेला लागेल. मला चढताच यायचं नाही. थोरला भाऊ बखोटीला धरून वर घ्यायचा.”

“तो किती मोठा होता तुमच्यापेक्षा?”

इथे काय घडलं ते नीट पाहा. आजोबांनी हाताने उंची दाखवली. खोलीतल्या दोघांना ती दिसली, पण आवाजात फक्त “एवढा” राहिलं असतं. विद्यार्थ्याने ती शब्दांत आणली आणि ती दुरुस्त करण्याच्या नादात भाऊ गोष्टीत आला. कुठल्याही यादीत “तुम्हाला ओट्यावर कोण चढवायचं?” हा प्रश्न नसतो. हात, बोटं, “तिकडे”, “असं वळवायचं” यांतलं काहीही आलं की ते शब्दांत पकडा. एखादं अवजार किंवा फोटो हातात घेऊन बोलत असतील तर दुप्पट सावध राहा: “तुमच्या हातात आता आहे त्या फोटोत डावीकडून तिसरा माणूस कोण?”

“खूप हाल झाले असतील ना?” असा प्रश्न विचारू नका. त्यात उत्तर भरलेलं आहे, समोरून फक्त “हो रे बाबा” येणार. “त्या दिवशी सकाळी उठल्यावर काय केलंत?” हा प्रश्न हालांपर्यंत आपोआप नेतो. एका दमात दोन प्रश्न विचारले तर उत्तर दुसऱ्याचंच मिळतं. “का?” हा प्रश्न जपून वापरा, तो जाब विचारल्यासारखा लागतो. “तसं कसं ठरलं?” हे जास्त मऊ आहे आणि उत्तरही जास्त देतं.

साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यांत दाट असतात. स्मरणशक्तीवरच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. तेव्हा वेळ तिथे जास्त द्या. अलीकडच्या वीस वर्षांत काही सापडलं नाही तर अस्वस्थ होऊ नका.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. उत्तर संपलं असं वाटलं की लगेच बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. नवख्यांना ही शांतता अवघडल्यासारखी वाटते आणि तिसऱ्या सेकंदाला ते पुढचा प्रश्न टाकतात. पण म्हातारं माणूस त्या वेळी आठवत असतं. पहिलं उत्तर नेहमीचं असतं, शांततेनंतर येतं ते त्या दिवसापुरतं असतं. ऐकताना “हं, हं, अच्छा” असंही म्हणू नका, ते शब्दांवर चढतं. मान हलवा, डोळ्यांत पाहा. वहीत टिपलेले शब्द विचारायला बोलणं मध्येच तोडू नका, पान भरू द्या आणि विराम आला की विचारा.

ऐकू कमी येत असेल तर ओरडून काही साधत नाही. वयामुळे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त असे वर्ण त्यात विरतात. ओरडल्यावर अ, आ, ओ असे स्वर मोठे होतात, हे वर्ण तसेच राहतात. चांगल्या कानाच्या बाजूला बसा, तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, सावकाश आणि जरा खालच्या पट्टीत बोला. समजलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत विचारा.

घरातलं कुणी शेजारी बसून उत्तरं द्यायला लागलं तर त्यांना गप्प करणं अवघड असतं आणि ते बरंही दिसत नाही. दुसऱ्या विद्यार्थ्याने त्यांना जुने फोटो शोधायला बाजूच्या खोलीत न्यावं. नवरा-बायकोंची मुलाखत वेगवेगळी घ्या, नंतर हवी तर एकत्र.

एका बैठकीला ६० ते ९० मिनिटं. थकव्याची खूण म्हणजे उत्तरं आखूड होणं आणि पाणी वारंवार मागणं. ती दिसली की थांबा. एका लांबलचक बैठकीपेक्षा आठवड्याच्या अंतराने दोन बऱ्या. मधल्या दिवसांत त्यांना आठवत राहतं आणि दुसऱ्या खेपेला दारातच “अरे, त्या दिवशी एक राहिलं” असं ऐकायला मिळतं.

तारीख चुकली तर

आजी चुकीचं वर्ष सांगतायत हे तुम्हाला माहीत आहे. तिथे दुरुस्त करू नका. वहीत खूण करा आणि नंतर वेगळ्या वाटेने विचारा: “तेव्हा घरात पाळण्यात कोण होतं? तुम्ही तेव्हा कामाला लागला होतात का?” माणसं आकड्यांपेक्षा घटनांना धरून वर्षं लक्षात ठेवतात. पूर, युद्ध, बाळंतपण, नवं घर अशा दोन-तीन खुंट्या मिळाल्या की वर्ष बऱ्यापैकी नेमकं सापडतं.

आणि चूक ही नेहमी कचरा नसते. इटलीतल्या टेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी मारला गेला. नाटो करारात सामील होण्याविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो गेला. संशोधक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी शहरातल्या लोकांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ मधल्या कामगार कपातीच्या लढ्यात झाला असं सांगितलं. पोर्तेल्लींनी ही चूक खोडली नाही, तिच्याकडे बारकाईने पाहिलं. शहराच्या मनाला खोल लागलेला घाव कपातीचा होता आणि मृत्यू त्या घावाजवळ सरकला होता. म्हणून सांगितलेलं वर्ष लेखी प्रतीत जसंच्या तसं ठेवा, कागदपत्रांतलं वर्ष तळटीपेत द्या.

डोळे भरून आले तर

यंत्राकडे झेपावू नका आणि घाईने विषयही बदलू नका. थोडं थांबा. मग विचारा: “थोडा वेळ बंद करू का?” निर्णय त्यांचा. बरेचदा “राहू दे, बोलते मी” असं उत्तर येतं. मृत्यू, हिंसा, घरातला छळ असं काही निघालं तर मुलाखत त्याच ठिकाणी संपवून निघू नका. शेवटची पंधरा मिनिटं हलक्या विषयाकडे या, यंत्र बंद केल्यावरही थोडं बसा. दुसऱ्या दिवशी एक फोन करा. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यावरही याचा भार येतो, म्हणून त्या संध्याकाळी शिक्षकांशी बोलून घ्या.

हयात असलेल्या तिसऱ्या माणसावर आरोप झाले, तर तो भाग कुठेही ऐकवण्याआधी शिक्षकांना दाखवा.

त्याच दिवशी

निघण्याआधी सगळे गप्प असताना खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करा. संपादन करताना सांधे झाकायला तो लागतो. मोबाइलवरची फाइल घरी गेल्या गेल्या कॉम्प्युटरवर उतरवा, उघडून शेवटपर्यंत चालते का पाहा. एकूण तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यातली एक वेगळ्या जागी. तिन्ही होईपर्यंत मोबाइलवरून काहीही पुसू नका. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग बोलणाऱ्याचं नाव, मग भाग कितवा. असं केलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. “अंतिम”, “अंतिम नवा”, “खरा अंतिम” अशा नावांतून कुणालाच वाट सापडत नाही.

फोटो उसने घेऊन जाऊ नका, तिथेच प्रत काढा. छोटे फोटो ६०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केले तर ४ बाय ६ इंचांचा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, छापायला भरपूर. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल वापरा, तीही मालकाला विचारून.

लिहून काढणं

एक तासाचं बोलणं शब्दशः लिहायला सरावलेल्याला चार ते सहा तास लागतात, नवख्याला त्याहून जास्त. तेवढा वेळ नसेल तर आधी अनुक्रमणिका करा: मिनिट, विषय, दोन ओळी. हीच पन्नास वर्षांनंतरच्या माणसाला सगळ्यांत आधी लागते. आपोआप लिहून देणारं सॉफ्टवेअर कच्च्या खर्ड्यापुरतं वापरा. गावांची नावं, माणसांची नावं आणि बोलीतले शब्द ते हमखास चुकवतं, आणि चूक इतकी सफाईदार असते की वाचताना खटकत नाही. कान लावून ओळ न् ओळ तपासा.

बोली सुधारू नका. “व्हतं” म्हणाले असतील तर “व्हतं”च लिहा, “लई” चं “खूप” करू नका. अर्थ लागणार नाही असा शब्द आला तर तळटीप द्या. ऐकू न आलेल्या जागी अंदाज न बांधता चौकोनी कंसात “अस्पष्ट” आणि मिनिट-सेकंद लिहा. हसू, लांब विराम, गहिवर हेही कंसात.

लेखी प्रत झाली म्हणून आवाज टाकून देऊ नका. इतिहासकार अॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं, म्हणजे अशा तोंडी सांगितलेल्या आठवणी जमवण्याचं, केंद्र सुरू केलं. तिथे सुरुवातीच्या काळात लेखी प्रत तयार झाली की टेप पुसून पुन्हा वापरत. त्या माणसांचे शब्द उरले, आवाज गेले.

परत जाणं

छापील प्रत १६ किंवा १८ पॉइंटच्या अक्षरांत घेऊन जा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. त्यांच्या दुरुस्त्या वेगळ्या रंगात टिपा. रेकॉर्डिंगची प्रत त्यांना चालवता येईल अशा रूपात द्या. घरात कॉम्प्युटर नसेल तर पेनड्राइव्हचा उपयोग नाही, नातवाच्या मोबाइलवर टाकून, त्यांच्यासमोर वाजवून दाखवा.

ऐकल्यावर “हे एवढं काढ” असं कधी कधी येतं. वाद घालू नका, हक्क त्यांचा आहे. नुसतं एवढं विचारा: “बाहेर कुणाला ऐकवू नको, की कायमचं पुसू?” पहिलं उत्तर असेल तर बाहेर जाणाऱ्या प्रतीतून तो भाग कापा, मूळ फाइल बंद ठेवा आणि ती कधी उघडायची तेही त्यांच्याकडून लिहून घ्या. दुसरं असेल तर तिन्ही प्रतींमधून पुसा, आणि मोबाइलवर राहिलेली चौथी विसरू नका. दोन्ही वेळेला अनुक्रमणिकेत तेवढीच नोंद ठेवा: कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंतचा भाग, बोलणाऱ्याच्या इच्छेने वगळला, तारीख.